लिहून देणार

सीबीएसकडून कोर्टाच्या गेटाशी वळलात
की पत्र्याखालचं तिसरं टेबल माझं.
स्टँपपॅड, टाचण्यांची डबी,
आणि बिडवे सरांचं रेमिंग्टन,
ज्याचा ळ अजूनही वर जाऊन अडकतो.
शेजारच्या तिघांकडे संगणक आहेत.
माझ्याकडे येतात ते वीज गेल्यावर,
किंवा ज्यांना खटखट ऐकल्याशिवाय
कागद खरा वाटत नाही ते.

चौतीस वर्षं मी लोकांना बांधते आहे.
लिहून घेणार अमुक, लिहून देणार तमुक,
मधे एक गाठ.
गाठींची नावं वकिलांना पाठ,
मला त्या बोटांनी माहीत.

एका तांबटाने लिहून दिलं:
देवळासाठी घंगाळ अथवा हंडा, निवड त्याची.
महिनाभर तो 'अथवा'च्या सावलीत बसून राहिला.
घंगाळ ठरवलं त्या दिवशी हंडा सुटला
आणि घंगाळ मानेवर आलं.

सातपूरच्या तिघांनी मिळून लेथ घेतलं.
'एकत्रित आणि एकेकटे जबाबदार,' मी टाइप केलं.
तिघांनी 'एकत्रित' तेवढं वाचलं,
दोन कप चहा तिघांत प्यायले.
पुढे एक नाशिकरोडहून गाडीत बसला तो बसलाच.
दुसऱ्याने अंथरूण धरलं.
सदाशिव निरगुडे एकटा आला,
बाई, माझा तिसरा हिस्साच ना?
मी 'एकेकटे'वर बोट ठेवलं.
तो शब्दाकडे नाही, माझ्या बोटाकडे पाहत राहिला.

न करण्याचीही गाठ असते.
चिवड्याच्या धंद्यात वेगळे झालेले भाऊ:
धाकट्याने दोनशे मीटरच्या आत दुकान थाटायचं नाही.
त्याने टेप धरून दोनशे दहावर गाडी लावली.
कायद्यात बसलं.
भाऊबीजेला बहिणीकडे नाही बसलं.

आणि काही गाठी कुणी लिहीतच नाही.
द्वारकेला रिक्षा घासली, पडली गाठ.
झेरॉक्सवाल्या इम्तियाजच्या फोनवर
एका रात्री बारा हजार आले, कुणाचे तरी, चुकून.
फोन उशाशी पालथा घालून तो जागा राहिला,
सकाळी नंबर शोधून परत केले.
करार नाही, सही नाही, साक्षीदार नाही.
तरी म्हणाला, मान मोकळी झाली, बाई.

माझी मान मी कुणाला सांगितली नव्हती.
एक्क्याण्णव साली सरांनी हे मशीन दिलं,
अठराशे रुपये, जमेल तसे दे म्हणाले.
सहाशे दिले.
मग लग्न, मग बाळंतपण, मग नुसतंच मग.
रविवार कारंजावर भेटायचे,
टंकलेखनाची गती विचारायचे, पैसे नाही.
मग तेही गेले.

पानसरे वकिलांना विचारलं, दुसऱ्या कुणाचं म्हणून.
मुदत केव्हाच संपली, ते म्हणाले,
दावा चालणार नाही, सुटली ती बाई.
आणि दिले तर?
दिले तर गेले, परत मागता येत नाहीत.
म्हणजे देणं होतंच की, मी म्हटलं.
तोवर आत पुकारा झाला,
काळा कोट सावरत ते जिन्याकडे पळाले.

आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.
मी स्वतःसाठी स्टँप घेतला.
शंभराचा बंद झाला, आता पाचशेचाच.
बाराशेच्या देण्याला पाचशेचा कागद,
स्टँपवाला हसला. मीही हसले.

लिहून घेणार: शैलजा, बिडवे सरांची मुलगी,
राहणार देव
ळ अडकला.
नखाने खाली ओढला, देवळाली पूर्ण केलं.
लिहून देणार: हेमलता गायधनी,
वय छप्पन्न, धंदा टंकलेखन.
कारणे, एवढं टाइप झालं आणि हात थांबले.
कारणं पुष्कळ होती.
मी रक्कम घातली,
अंकी आणि अक्षरी.