इतर निरीक्षणे

गाव सोहार म्हणते आहे, सोहार असेलच असं नाही.
नावं बदलली आहेत, एक सोडून.

अभ्यासाचा विषय : बाळंतपणानंतरचे सहा आठवडे,
स्तनपान, परिचारिकेचा आधार.
नीतिसमितीचा शिक्का निळा, जरा पुसट.
सहभागी क्रमांक सतरा. शम्सा, वय बावीस.
बाळ नऊ दिवसांचं, वजन उतरतंय.

प्रश्न मी सुनेला विचारते,
उत्तरं सासू देते, वर कहवा ओतते.
शम्सा बाळ असं धरून बसलेली
जसं कुणी क्षणभर सांभाळायला दिलंय आणि परत यायचं विसरलंय.
पाठीला उशी घे. थांब. तोंड मोठं उघडू दे. आता.
तो धरतो, सोडतो, टाहो फोडतो

आणि स्वयंपाकघरात पातेलं पडतं.

तायारु. पूर्व गोदावरीची. येऊन वीस दिवस.
लेक तिकडे, आजीपाशी, पाच महिन्यांची.
राखाडी कुर्त्यावर दोन ओले गोल, वाढत चाललेले.
पान्हा फुटणे :
माझ्या इंग्रजी प्रबंधात हे दोन शब्द
मला कुठेच बसवता आले नव्हते.

सासूनेही पाहिलं. मोझा. वाईट बाई नाही.
म्हणाली, हिने पाजलं तर ही त्याची दूधआई,
हिची लेक त्याची बहीण, जन्माची.
आम्ही हे नातं पाळतो. दर ईदला कपडे जातील पोरीला.
(गेलेही असते. मला शंका नाही.)
आणि ही हो म्हणाली आहे, विचारा.

संमतिपत्र, ओळ चार : स्वेच्छेने, कोणत्याही दबावाविना.
दरवर्षी फळ्यावर लिहिते मी ही ओळ.
पासपोर्ट कोणाच्या कपाटात आहे
हे ती ओळ विचारत नाही.

पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले.
साखरपेठेत वाढलेली मी, मागांच्या खडखडाटात
शेजाऱ्यांकडून फुकट मिळालेलं तेलुगू,
नुसतं बोलण्यापुरतं.
नळ सोडला. विचारलं, तुला पाजायचंय?

तिने हातातलं भांडं पुन्हा विसळलं.
अक्का, तो रडला की मला माझी ऐकू येते.
हा पोटभर पिऊन निजला
तर ती कुठून ऐकू येईल?

बाहेर येऊन सांगितलं, आधी रक्त तपासावं लागेल,
कावीळ, आणखी दोन-तीन गोष्टी.
अहवालाला आठ दिवस. तोवर शम्सालाच धरू.
खोटं नव्हतं.
आठ दिवस तेवढे पदरचे.
रुग्णाशी खरं बोलणे या विषयावर
माझी दोन व्याख्यानं आहेत, तक्त्यांसकट.

आठही दिवस गेले. आराखड्यात एकच भेट होती.
सहाव्या दिवशी शम्साने दाराला आतून कडी लावली,
सासू बाहेर, मी आत, कुणी बोलेना.
मग घोट ऐकू आला. एक. मग ओळीने.
ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली, मी काही मोजलं नाही.
तायारुला थंड फडकं, दुखेल तेवढंच पिळायचं,
गाठ धरू द्यायची नाही. तिने मान हलवली.
किती ऐकलं, माहीत नाही.

निघताना म्हटलं, प्रबंधात तू नाहीस.
पण कुठेतरी लिहीन कदाचित, नाव बदलून.
ती म्हणाली, नाव कशाला बदलतेस?
इथे सगळे शग्गालाच म्हणतात, ते राहू दे की माझं.
आणि पेन मागितलं. अंगठा नाही अक्का, सही येते मला.

फॉर्मवर एकच जागा रिकामी होती, 'इतर निरीक्षणे'.
तिथे तिने लिहिलं, गोल गोल अक्षरं,
नावाला लागतात त्याहून खूप जास्त,
चार ओळी.

मला तेलुगू वाचता येत नाही.
मैसच्या खोलीत दोन तेलुगू मुली राहतात, मिनिटाचं काम आहे.
पण दुसऱ्याला दाखवायचं तर तिची परवानगी हवी,
आणि ती मागायची राहून गेली.