पुरा

ब्रह्मपुरीच्या टेकाडावर, चर क्रमांक चारमध्ये
हौसाक्का पाटी भरता भरता विचारते,
"त्या बोर्डावर काय लिवलंय ओ?"

पुरातत्त्व, मी म्हणतो.
पुरा म्हणजे पूर्वी. तत् म्हणजे ते. त्व म्हणजे पण.
पूर्वीचं ते-पण.
ग्रीकांचा शब्द सांगत नाही;
त्यातही जुनं आणि बोलणं, एवढंच आहे.

ती पदर खोचते. "मला वाटलं, पुरलेलं.
न्हायतर पुराचं.
एकोणीस साली आमच्या चुलीवर
असाच वीतभर गाळ बसलेला.
बोटानं उकरला, तर खाली तवा.
तवा तसाच. भाकरी तेवढी न्हवती."

मी भिंतीला पट्टी लावतो:
राख, तांबडी माती, राख,
मग पंचगंगेचा बारीक गाळ,
त्याच्यावर पुन्हा राख.
कुणीतरी परत येऊन चूल मांडली होती.

कोशात पुरणे म्हणजे गाडणे.
त्याच्याच खाली, पुरणे म्हणजे भागणे.
हौसाक्काला हजेरी कितपत पुरते
हे विचारायचं राहून गेलं.

जाताना चाळणीत एक खापर ठेवून गेली,
काठावर अंगठ्याचा ठसा.
"तुमचं ते-पण," म्हणाली,
"माझ्या अंगठ्याला बारकं पडतंय."