खोक्यातून

मी त्याला छत्तीस हंगाम खालून पाहिला.
रंगमंचाच्या पोटात, प्रॉम्प्टरच्या खोक्यात बसलं
की माणूस आधी बुटांनी दिसतो.
हाराल्ड्स स्प्रोग्यिसचा डावा बूट आतून झिजलेला.
पहिल्या वर्षी कंदील धरून यायचा,
"बोट दिसतेय" एवढं म्हणायचा, जायचा.
तेही एकदा विसरला.
मी पुटपुटले : बोट.
तो घाबरून कंदीलच विझवून आत पळाला.
पेपरात आलं : अंधाराचा अर्थपूर्ण वापर.

मग रीगाच्या स्टुडिओला त्याची गालफडं सापडली.
निळे डोळे, ताठ मान,
त्यांनी त्याला जर्मन अफसर केलं
आणि अकरा सिनेमांत मारलं :
पुलावर, बर्फात, एकदा पियानोवर डोकं टेकून.
लिएपायाच्या बाजारात पोरं बर्फाचे गोळे फेकायची.
तो छाती धरून कोसळायचा,
पोरांचं समाधान होईल इतका.
त्याच्या आईने त्यातला एकही सिनेमा पाहिला नाही.
तोच गणवेश एकदा तिच्या दारात उभा राहिला होता,
नवऱ्याचं नाव विचारत.

नंतर देश बदलला, नोटा बदलल्या,
थिएटरचं छत गळू लागलं.
टीव्हीने त्याला आजोबा केलं,
दर गुरुवारी साडेसातला बटाटे सोलणारा.
सहाशे भाग.
बटाटे खरे असायचे, तो पिशवीतून घरी न्यायचा.
गोळे मारणाऱ्या पोरांच्या बायका आता
क्रॅनबेरीचा डबा हातात कोंबायच्या :
आजोबा, आमच्या सासूबाईंना जरा समजवा ना.
वाक्यं फ्रिजच्या दारावर चिकटवलेली असत.
मी कशाला लागते तिथे.

तरी रात्री फोन यायचा.
"औस्मा, पुढे काय?"
कुठल्या नाटकाचं, ते सांगायचा नाही.
मी अंदाजाने एखादं वाक्य द्यायचे,
तो ते उचलायचा, पुरं करायचा, ठेवायचा.
कधी मलाच आठवायचं नाही,
तेव्हा माझ्या पदरचं द्यायचे.
तेही पुरं करायचा.

आमच्या धंद्यात अक्कल एकच लागते :
नट थांबला तर पॉज की विसर, एवढं ओळखायचं.
पॉजमध्ये श्वास आत धरलेला असतो.
विसरला की टाच हलते.

गेल्या मार्चमध्ये ऐंशी झाली, म्हणून शेवटचा प्रयोग.
मी हट्टाने खोक्यात उतरले. गुडघे बोलले.
तिसरी घंटा.
दुसऱ्या अंकात तो खिडकीशी गेला,
समुद्राकडे, म्हणजे रंगवलेल्या फळीकडे, बघत राहिला.
दहा सेकंद. वीस.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
टाच हलत नव्हती.
श्वासही दिसत नव्हता.
वाक्य माझ्या ओठांवर,
बोट वहीतल्या ओळीवर.

तेव्हा त्याने मान वाकवली,
आयुष्यात पहिल्यांदा खोक्यात पाहिलं,
माझ्याकडे, माझ्या हाताकडे,
आणि म्हणाला :
"बोट दिसतेय."

हे त्या नाटकात कुठेही नाही.
टाळ्या थांबेनात.
मी पेन्सिलीने समासात लिहून घेतलं,
उद्या लागलं तर असावं म्हणून.