कुठल्या रकान्यात

सतराव्या मिनिटाला मोराग टेप थांबवते.
‘इथे,’ म्हणते, ‘इथे तू का बोललीस?’

पुन्हा ऐकते.
लेडलर, हे त्यांचं नाव नाही, खरं नाव
सन्डरलंडच्या क्लिनिकमध्ये कुलपात आहे,
सांगत असतात की बायको गेल्यापासून
दुकानाच्या रांगेत उभं राहवत नाही.
हात थरथरतात, सुट्टे मोजता येत नाहीत,
मागचे सगळे बघतात,
आणि मग थांबतात.

त्या थांबण्याची लांबी दीड सेकंद.
दीड सेकंदही मला धरवला नाही.
‘म्हणजे तुम्हाला असं वाटतं का, की…’
आणि ते लगेच ‘हो’ म्हणाले,
पेशंट नर्सला म्हणतो तसं.

एकोणीस वर्षं वॉर्डात काढली, मिरजेत आणि इथे.
वॉर्डात कुणी गप्प झालं की धावायचं असतं.

मोराग गुण लिहिते.
पास व्हायला छत्तीस. माझे चौतीस.

आम्हीही फॉर्म भरायचे असतात, स्वतःवरचे.
सीबर्नच्या स्टेशनात बाकावर बसून भरायला घेतला.
पहिला रकाना प्रसंग. सोपा:
वय सेहेचाळीस, दोन गुणांनी नापास.
दुसरा विचार. तिसरा भावना, शंभरपैकी किती.

मला वाटतं, मला हे जमणार नाही.
मला लाज वाटते.

पेन तिथेच अडलं.
फॉर्मच्या भाषेत या दोघींची घरं वेगळी,
मध्ये भिंत, भिंतीला क्रमांक.
माझ्या भाषेत एकाच पाट्यावर दोन्ही वाटलेलं,
आणि वाटून झाल्यावर कुणी म्हणतं,
आता आलं इकडे काढ, लसूण तिकडे.

तौसीफला सांगितलं. मिडल्सब्रोचा, माझ्याच बॅचचा.
म्हणाला, ‘आमच्या पंजाबीतही तसंच. दोन्हीला लगदा.’
मराठीत लगदा म्हणजे काय ते सांगितल्यावर
व्हिनेगर लावलेला चिप्स त्याच्या घशात अडकला.
‘मग काय,’ खोकत म्हणाला,
‘तुम्ही-आम्ही बरं व्हायचंच नाही?’

गुरुवारी प्रयोग.
सुपरमार्केटच्या रांगेत मुद्दाम सुट्टे सांडायचे.
आधी मी, मग लेडलर.
त्यांनी कागदावर भाकीत लिहिलं:
लोक हसतील, कुणीतरी खेकसेल. खात्री नव्वद टक्के.
माझं भाकीत मी लिहिलं नाही.
‘लोक काय म्हणतील’ हे माझ्याकडे जन्मापासून आहे,
शंभर टक्के, आईच्या आवाजात.

मूठ उघडली.
पेन्यांचा एवढा आवाज होतो हे माहीत नव्हतं.
एक पौंड गडगडत च्युइंगगमच्या रॅकखाली.
टोपी ओढलेल्या एका पोराने दुसऱ्यावर बूट ठेवला,
उचलला, न बघता माझ्या हातावर दिला.
काउंटरवरची म्हणाली, ‘पिशवी हवी?’

बस्स. एवढंच म्हणाले लोक.

पण लेडलर वाकले.
त्यांची पाळी यायची होती, आणि ते गुडघ्यावर बसले,
थरथरत्या हातांनी एकेक नाणं वेचलं
आणि उठून, सगळ्या रांगेसमोर,
मोठ्याने मोजलं. दोनदा चुकले.
चार पौंड बासष्ट.
हे आमच्या कागदावर कुठेच नव्हतं.

बाहेर ट्रॉल्यांपाशी वारा.
म्हणाले, ‘पाकीट नेहमी तिच्याकडे असायचं.’
आणि थांबले.

सीगल ओरडत होते. कुणाचीतरी गाडी लागत नव्हती.
जिभेवर वाक्य आलं, अख्खं, व्याकरणशुद्ध,
ते मी गिळलं.
किती वेळ, सांगता येणार नाही.
मग त्यांनी तिचं नाव घेतलं. ते इथे लिहीत नाही.

मोरागला सांगितलं.
तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
‘छान,’ म्हणाली. ‘रेकॉर्ड केलंस?’

नाही.

‘मग गुण देता येणार नाहीत. पुढच्या वेळी
यंत्र बरोबर ने.’
मी वहीत लिहून घेतलं: यंत्र.
त्याच पानावर तिसरा रकाना अजून कोरा आहे.