पांढऱ्या रेघा

दर तीन महिन्यांनी पहाटेची पणजी गाडी,
वेंगुर्ल्याहून.
प्रांजल आईच्या मांडीवर, खाली उशी,
उशीखाली माझा हात.
सातार्ड्याच्या अलीकडचा एकेक खड्डा
ड्रायव्हरला आता तोंडपाठ आहे;
मागे न बघताच तो गिअर उतरवतो.

डोळ्यांचं पांढरं निळसर.
गावात म्हणायचे, दर्याची नजर लागली.
डॉक्टर म्हणाले, दर्याचा काही संबंध नाही.

सिस्टर ब्रिजेत शीर शोधते.
तिसऱ्या टोचणीला सापडते.
मग चार तास थेंब थेंब.
पूर्वी प्रांजल मोजायची, आता मोजत नाही.
पहिल्या बाटलीनंतर रात्रभर ताप होता,
मी कपाळावर पट्ट्या बदलत स्वतःला विचारत होतो
काय ओतून आणलं मी पोरीत?

मी होड्यांच्या फटीत कापूस ठासतो,
वर राळ. तेवढंच येतं मला.
पावसाळा सरला की पुन्हा तीच फट, पुन्हा कापूस.

यावेळी डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली.
गुडघ्यापाशी, हाडाच्या आत, एकीवर एक
बारीक पांढऱ्या रेघा,
ओहोटी वाळूवर सोडून जाते तशा.
"प्रत्येक डोसची एक."
मी बोट न लावता वाचल्या.
ही शिमग्यातली, मांडी मोडली तेव्हाची.
ही, हिच्या आईच्या कुड्या सोनाराकडे गेल्या तेव्हाची.
इथे मध्येच रुंद मोकळी जागा:
त्या वर्षी नाका बंद होता, गाड्या बंद होत्या,
आणि पोर तरीही वाढत होती.

"आता थोडं थांबू," डॉक्टर म्हणाले.
"औषध हाडात मुरलंय. राहील काही वर्षं."

नऊ वर्षं त्या गाडीला शिव्या दिल्या मी.
आता ती आमच्याशिवाय सुटणार म्हटल्यावर
परतीच्या वाटेवर घास उतरेना.
प्रांजल मात्र बोलत होती,
"बाबा, मोरीक हाडां नाय, तरी ती पवताच मा?"
"पवता गो," तिची आई म्हणाली,
"पण तुका चलाचा आसा मा?"

काल संध्याकाळी वॉकर वर ठेवून
ती धक्क्याच्या दोन पायऱ्या उतरली.
शेवाळ होतं.
मी राळेचं भांडं धरून उभा,
ओरडायचं नाही एवढंच ठरवून.
राळ हातातच घट्ट झाली.