चिखलाची खोली

व्हरमाँटमध्ये थंडी आणि वसंताच्या मधे
एक ऋतू असतो, कॅलेंडरवाल्यांनी ज्याची दखल घेतलेली नाही.
वरचा बर्फ वितळतो, खालची जमीन अजून दगड,
पाण्यानं जावं कुठं? ते रस्त्यातच मुक्काम ठोकतं.
पोस्टाची गाडी आसापर्यंत रुतते,
आणि ज्याच्या दारात ट्रॅक्टर
तो तीन आठवडे गावचा राजा.

अशाच एका मंगळवारी ॲडलेड थिबोनं मला बोलावलं.
मागच्या दाराशी खोली हवी होती,
बूट, कोट, चिखल, सगळं तिथंच थांबवणारी.
हातात मासिकातून कापलेलं चित्र:
दुधासारख्या भिंती, ठेंगणा पांढरा बाक,
वेताच्या तीन टोपल्या,
खुंटीवर एकच गवती हॅट.
मी चित्र जवळ धरलं, लांब धरलं.
बूट कुठंच नव्हते.

"या घरातली माणसं कुठं गेली?" मी विचारलं.
ती हसली नाही.

मी सुतार. माझी पद्धत अशी
की टेप काढायच्या आधी एक दिवस नुसतं बसायचं.
बसले उपड्या बादलीवर,
घर आत कसं येतं ते बघत.

धाकटा क्लेम आला.
एका बुटाच्या टोकानं दुसऱ्याची टाच दाबली,
बूट उडाला, भिंतीवर आपटला,
नेमका तिथंच, जिथं आधीचे शंभर डाग.
(तिथं जस्ताचा पत्रा, मी लिहून घेतलं.)
ओडेटनं कोट दाराच्या मुठीला अडकवला,
खुंटी हाताच्या अंतरावर असून.
रोलंडला मेपलच्या पाकाचा वास येत होता,
किल्ल्या त्यानं फ्रीझरवर टाकल्या
आणि दहा मिनिटांनी खिशात शोधल्या.
मग कुत्री. अंग झाडलं.
गुडघ्याखाली पांढरा रंग रद्द.

सगळे आत गेल्यावर ऑरिन आला,
रोलंडचा बाप, एक्क्याऐंशीचा.
सगळे जाईपर्यंत तो बाहेर उभा होता, हे मी पाहिलं.
फ्रीझरचा कोपरा धरून बसला स्टुलावर,
नाड्या सोडल्या, सावकाश, जणू कुणाचं पत्र उघडतोय.
उठायला गेला. बसला.
उठायला गेला. बसला.
तिसऱ्यांदा उठला आणि माझ्याकडे बघून म्हणाला,
"मापं झाली घेऊन?"
"आत्ता झाली," मी म्हटलं.

मासिकातला बाक सोळा इंचांचा.
मी वीसचा केला.
"जरा उंच नाही वाटत?" ॲडलेडनं विचारलं.
"हल्ली हीच फॅशन आहे."
बाकाच्या टोकाला ॲशचा एक गोल खांब,
जमिनीपासून छतापर्यंत,
मनगटाएवढा जाड, रंध्यानं गुळगुळीत.
"आणि हा?"
"यानं खोलीला रेषा मिळते."
सुतारकीत खोटं बोलायला
रेषा हा शब्द फार कामाचा.

बाकी सगळं तिच्या मनासारखं.
खाली जाळी, जाळीखाली ट्रे, ट्रेमध्ये नदीतले गोटे,
खुंट्यांच्या दोन रांगा, खालची क्लेमच्या खांद्याइतकी,
किल्ल्यांना दाराशीच एक ओठ काढलेली फळी,
टोपल्या मात्र वेताच्याच. तिथं मी वाद घातला नाही.

ऑक्टोबरात तिचा फोन आला, दार अडकतंय.
गेले तेव्हा घरात पाहुणे होते
आणि ॲडलेड त्यांना खांब दाखवत होती:
"याच्यामुळं खोली कशी उठून दिसते, नाही?"
खांब सगळीकडे तसाच, फिकट, मॅट.
फक्त बसल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर
तळहाताएवढा पट्टा
लोण्यासारखा चमकत होता.
तिथं मी पॉलिश केलेलं नव्हतं.

ऑरिन बाकावर बसून होता, एक बूट पायात, एक हातात,
डोक्यावर गवती हॅट.
माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.
म्हणाला, "वरच्या बिजागरीचं बघ.
खालची ठीक आहे."