साडेबासष्ट

वेंगुर्ल्याच्या काजूच्या कारखान्यात
बावीस वर्षं मी बोटांनी मोजते.
एकशेऐंशी, दोनशेदहा, दोनशेचाळीस, तीनशेवीस.
रत्तलाला गर किती बसतात, त्यावर त्यांची जात.
पाकळी वेगळी. तुकडा वेगळा. कणी वेगळी.
डोळे बांधा, तरी सांगेन.

त्या मार्चात दोनशेचाळीसच्या ढिगात
माझ्या हातून तीनशेवीस पडू लागले.
फिलोमिना गुपचूप उचलून बाजूला करायची.
एकदा म्हणाली, "गो लतिके, तुझो आवाज खय गेलो?"
मला वाटलं, सालपटांची धूळ.

सगळ्या बायका पंख्याखाली,
मी भट्टीकडची जागा मागून घेतलेली,
साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट.
मोरीच्या जाळीत रोज मूठभर केस.
जिन्याच्या चौथ्या पायरीवर मी बसून राहायचे
आणि कशाला वर निघाले होते ते आठवायचे.

दीराने रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं.
कौल उजवा आला.
टीएसएच अठरा आला.

मसुरेकर डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली, पंचवीसची.
काजूच्या दोन पाकळ्यांमध्ये तो कोंब असतो ना,
तेवढी.
एवढीशी गोळी एवढी बाई हलवणार?
सहा आठवडे थांबा, म्हणाल्या.
होड्या वर काढल्या तेव्हा पन्नास झाली,
नारळीपौर्णिमेला पाण्यात गेल्या तेव्हा पंचाहत्तर,
दिवाळीत शंभर.
आकडा नऊवर बसला तो उठेना.
माझ्यासारखाच.

मग बाईंनी चष्मा काढला.
"लतिकाबाई, गोळी घेता कशी?"
कशी म्हणजे? चहाबरोबर.
चहात खारी बुडवते,
खारीच्या मागोमाग ती तुमची कॅल्शियमची पांढरी.
त्या हसल्या नाहीत.
त्याबद्दल आजही त्यांच्याकडे आठवणीने कोकम नेते.

तेव्हापासून कोऱ्या पाण्याबरोबर.
पुढे तासभर चहा नाही,
कॅल्शियम थेट दुपारच्या जेवणावर.
आणि महिन्या-दीड महिन्यात
शंभर खरोखरचे शंभर झाले.

छातीत लाँचचं इंजिन.
रात्री दोन वाजता मी लोणच्याच्या बरण्या घासत होते.
बोटं अशी थरथरत
की अख्खा गर धरावा तर हातातच पाकळी व्हायची,
आणि पाकळीचा भाव तुम्हाला माहीत आहे.
पॉइंट शून्य आठ, म्हणाला कागद.
मी विचारलं, "बंद करायची?"
"बंद नाही करायची," बाई म्हणाल्या, "मोजायची."

मोजायचं मला कोण शिकवणार!
पण माझंच रत्तल मी कधी लावलं नव्हतं.

पंचाहत्तरला थोडी जास्त धावायचे.
पन्नासला पुन्हा चौथी पायरी.
मधली गोळी आमच्या औषधवाल्याकडे येत नाही,
म्हणून आता एक दिवस पन्नास, एक दिवस पंचाहत्तर.
कॅलेंडरवर टिंब आणि गोल,
टिंब आणि गोल,
संकष्टीवर टिंब, अमावास्येवर गोल.
नवऱ्याला वाटलं मासळीचा हिशोब.
सरासरी साडेबासष्ट.
असा नंबर काजूतसुद्धा नाही.

गेल्या खेपेला दोन पूर्णांक सहा.
बाईंनी कागद टेबलावर माझ्याकडे फिरवून ठेवला,
मीच वाचावा म्हणून.
परवा ढिगापलीकडून मी फिलोमिनाला हाक मारली
आणि तिने मान वर केली.
केस मात्र गेले ते गेले.

पाच वाजता गोळी. पाच ते सहा मागल्या पायरीवर.
बावीस वर्षांत असा तास मला कोणी दिला नव्हता
की ज्यात काही करायचंच नाही, हीच औषधाची अट.
समुद्रातल्या खडकावरचा दिवा विझतो.
कुठलीशी होडी परतते, इंजिन जरा खोकतं, माझं नाही.

मागून दार वाजतं.
नवरा येतो, शेजारी टेकतो,
चूल थंड बघून.
"झालो तास?"
"नाय."
"किती रवली?"
"सतरा मिन्टां."
तोही बसतो. चहाशिवाय.